अर्जासोबत नकारपत्र जोडावे

महाराष्ट्रात सरकारी नोकराला घाबरवायला वाघ लागत नाही. "गडचिरोलीला पाठवीन" एवढं म्हटलं की काम होतं. ही धमकी कार्यालयांत दिली जाते, सिनेमांत दिली जाते, आणि ती देणाऱ्यांपैकी अनेकांनी गडचिरोली नकाशावरसुद्धा नीट पाहिलेली नसते. अडचण आमची आहे. आम्ही इथलेच. आम्हाला कुठं पाठवणार? फार तर भामरागडला. आणि भामरागडच्या माणसाला? त्याला कुणी धमकावत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की धमकीही पुलाच्या अलीकडंच मुक्काम करते.

तर अशा या जिल्ह्यात आमच्या हायस्कूलला मुख्याध्यापक पाहिजे आहे. गावाचं नाव सांगत नाही. दक्षिणेकडं आहे, आलापल्लीच्या पुढं आहे, इतकं पुरे. नाव छापलं तर पद रिकामं असल्याचं वर कळेल आणि 'रिक्त पदाचा अहवाल तात्काळ सादर करावा' असं पत्र येईल. तो अहवाल लिहायचं काम मुख्याध्यापकाचं असतं.

शाळा खासगी आहे, अनुदानित आहे. मी शाळा समितीचा सदस्य आहे, कारण माझं अक्षर बरं आहे आणि माझं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याच्या पोराच्या शाळेला मुख्याध्यापक हवा होता, तर तिथं म्हणे निवड समिती बसली. तिच्यात पालक घेतले, शिक्षक घेतले, पोरंसुद्धा घेतली आणि सगळ्यांना विचारून जाहिरात लिहिली. पुतण्यानं ती मराठी करून भाऊंना पाठवली. भाऊंनी बैठकीत मोबाइल हातभर लांब धरून वाचून दाखवली. सर्वांना सामावून घेणारा, नव्या वाटा काढणारा, विविधतेत रमणारा, ऐकून घेणारा, दूरदृष्टीचा, नम्र पण खंबीर. वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सचिव म्हणाले, "भाऊ, ह्या मानसाचं लगन झालं आहे का? नसन तं माही पुतनी आहे."

"मजाक नोका करू जी," भाऊ म्हणाले. "आपल्यालेबी असाच पाहिजे."

सचिवांनी पिशवीतून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा अधिनियम आणि त्याखालची 1981 ची नियमावली. हे पुस्तक सचिव लग्नालाही सोबत नेतात. त्यातला नियम असा: माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक व्हायला पदवी पाहिजे, बी.एड. पाहिजे, शिकवण्याचा निदान पाच वर्षांचा अनुभव पाहिजे, त्यातली निदान दोन वर्षं बी.एड.नंतरची. हे सगळं असलेल्यांत ज्येष्ठता यादीवर जो सर्वांत वर आणि ज्याची सेवा समाधानकारक, त्याला नेमायचं. न्यू जर्सीच्या जाहिरातीत विशेषणांची रांग लागली होती. आमच्या नियमात विशेषण एकच, आणि तेही झालेल्या नोकरीबद्दल. पुढच्या नोकरीत माणूस काय करील याविषयी नियमाला उत्सुकता नाही.

"भाऊ," सचिव म्हणाले, "आपल्याले मुख्याध्यापक शोधता येत नाही. मोजता येते."

मग मोजला. यादीत सगळ्यात वर मराठीच्या बाई. पाच मिनिटांत प्रश्न मिटला म्हणून भाऊंनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत सचिवांनी त्याच पिशवीतून बाईंचं पत्र काढलं.

नियमात एक सोयही ठेवलेली आहे. ज्येष्ठ शिक्षकाला पद नको असेल तर त्यानं स्वखुशीनं हक्क सोडत असल्याचं शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. याला आमच्याकडं नकारपत्र म्हणतात, आणि वाङ्मयप्रकार म्हणून त्याची भरभराट आहे. बाईंनी प्रकृतीचं कारण दिलं होतं. विज्ञानाच्या सरांनी रक्तदाब दिला होता, वरचा आणि खालचा दोन्ही. गणिताच्या सरांच्या मुलीचं लग्न होतं, मुलगा पाहायचा बाकी होता. इतिहासाच्या सरांनी आजवरच्या मुख्याध्यापकांचा कालक्रमच जोडला होता: कोण कधी बसले, कोणाची कसली चौकशी लागली, कोण कोणत्या दवाखान्यात भरती झाले. पी.टी.च्या सरांनी गुडघा लिहिला होता. भाऊ हळहळले, तेव्हा सचिव म्हणाले, "काल सांजच्याले व्हॉलीबॉल खेळत होते जी." भाऊंनी पाचही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. पाचही एकाच अक्षरात होती. अक्षर खरंच बरं होतं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी चहाकडं.

लोकांना मुख्याध्यापक का व्हायचं नसतं, हे दुकानात बसून मला रोज दिसतं. शिक्षक शाळेत येतो तो शिकवायला. मुख्याध्यापक येतो तो माहिती भरायला. यू-डायसची माहिती, पोषण आहाराची रोजची माहिती, शिष्यवृत्तीची माहिती, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र, कुणाचं बँकखातं. संचमान्यतेत शिक्षक किती मिळणार ते पटावर ठरतं, आणि पट म्हणजे आधार जुळलेली मुलं. वर्गात डोळ्यांसमोर बसलेलं, पाढे म्हणणारं, डबा खाणारं पोरगं आधारावर नावातल्या एका वेलांटीनं चुकलं, तर ते मोजणीपुरतं नसतं. मग मुख्याध्यापक त्याला घेऊन तालुक्याला जातो आणि वेलांटी दुरुस्त करून पोराला अस्तित्वात आणतो. त्यातून नेटवर्क. ते शाळेच्या मागच्या टेकाडावर, मोहाच्या झाडापाशी, उत्तरेकडं तोंड केल्यावर येतं. आमचे आधीचे मुख्याध्यापक दिवसातले इतके तास तिथं उभे असत की नवीन आलेल्या ग्रामसेवकाला ते वनखात्याचे वाटले होते. आणि एवढं करून जे वर जायचं ते बहुधा 'निरंक'. तालुक्यातल्या शाळांत वातानुकूलन यंत्रं किती? निरंक. जलतरण तलाव? निरंक. पण निरंकसुद्धा विहित नमुन्यात, तीन प्रतींत आणि आजच.

पैशाचा हिशेबही विचित्र आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयानं एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. म्हणजे वरच्या खुर्चीचा पगार, खुर्ची न देता. आमच्या प्रभारी मुख्याध्यापकाचं नेमकं उलटं. त्याला खुर्ची मिळते, पगार शिक्षकाचाच. दोघांना एका बाकावर बसवलं तर मिळून एक पूर्ण मुख्याध्यापक होतो.

नकारपत्रं वर गेली, तरी सही करायला कुणीतरी लागतंच. म्हणून ज्येष्ठ या नात्यानं मराठीच्या बाईंना 'पुढील आदेशापर्यंत' प्रभारी केलं. पुढील आदेश अजून आलेला नाही.

आता त्या जाहिरातीतल्या विविधतेचं. न्यू जर्सीच्या शाळेला विविधता जपायची आहे, तिचा सन्मान करायचा आहे, तिच्यासाठी म्हणे एक दिवसही ठरलेला आहे. आमच्याकडं ती रोज सकाळी साडेदहाला पायी चालत येते. जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा काढला, तेव्हा तालुके मोजले, जंगल मोजलं. भाषा बहुधा नंतर मोजू म्हणून राहून गेल्या. वर कोरचीकडं छत्तीसगढी, खाली सिरोंचाकडं तेलुगू, मुलचेरा आणि चामोर्शीत पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबांची बंगाली, भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोऱ्याकडं गोंडी, वडसा-आरमोरीत झाडीबोली. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर पाठ्यपुस्तकातली मराठी, जी कुणाच्याच घरी बोलली जात नाही. बाईंच्याही नाही.

आमच्या आठवीच्या वर्गात यातल्या बहुतेक भाषा बसतात. गणिताच्या सरांनी विनोद केला की तो हप्त्याहप्त्यानं पोचतो. आधी खिडकीकडची मराठी पोरं हसतात. मग त्यांच्या शेजारची तेलुगू. मग मधल्या रांगेत कुजबुज होते आणि बंगाली पोरी हसतात. मागच्या बाकावरच्या माडिया पोरांपर्यंत तो पोचतो तेव्हा सर पुढच्या गणितात असतात. त्यामुळं सरांना बरीच वर्षं वाटायचं की मागची पोरं वर्गमुळाला हसतात.

पालकसभेचं आणखी वेगळं. बाई प्रभारी झाल्यावरची पहिलीच सभा. एका माडिया आईनं उभं राहून पोराविषयी बराच वेळ, हातवारे करून, दोनदा कपाळावर हात मारून सांगितलं. बाईंनी पोराला विचारलं, "काय म्हणते रे आई?" पोरगा म्हणाला, "माय म्हनते, पोरगा हुशार आहे." सभेत माडिया समजणारे जेवढे होते ते सगळे मान खाली घालून हसले. त्या दिवसापासून बाईंनी नियम केला: दुभाषी दुसऱ्याच्या घरचा. एकाच्या पोरानं दुसऱ्याच्या आईचं सांगायचं. तेव्हापासून सभा दुप्पट वेळ चालतात आणि शाळेला खऱ्या बातम्या मिळतात.

वेळापत्रकाचंही तसंच. विदर्भात मार्चपासून ऊन कडक, म्हणून शाळा सकाळची होते. आणि मोह नेमका मार्च-एप्रिलात, नेमका पहाटे गळतो. सूर्य वर येण्याआधी वेचला नाही तर गुरं, डुकरं आणि अस्वलं वेचतात. घरातली लहान-मोठी सगळी टोपली घेऊन झाडाखाली असतात, कारण त्या फुलांवर पुढचे कितीतरी महिने निघतात. सरकार म्हणतं सकाळी शाळेत या, मोह म्हणतो सकाळी रानात या, आणि मोहाला नोटीस बजावता येत नाही. आधीचे मुख्याध्यापक रोज हजेरीपटावर तांबड्या शाईनं लढायचे. बाईंनी काही केलं नाही. फक्त त्या दोन महिन्यांत चित्रकला, कार्यानुभव आणि वाचन पहिल्या तासांना टाकलं आणि गणित-विज्ञान मागं सरकवलं. पोरं धापा टाकत, हाताला मोहाचा वास घेऊन येतात, पण अपूर्णांकाला असतात.

हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं. वडशाच्या कंपन्या गावोगाव येतात, मंडई असते, नाटक रात्रभर चालतं आणि अख्खं गाव पहाटे घरी येतं. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीला पोरं बाकावर डोकं ठेवून झोपत. त्यांना उठवायला जाणारे इतिहासाचे सर स्वतः जांभया देत, कारण रात्री खलनायक तेच होते. बाईंनी नाटकाच्या तारखा विचारून चाचण्यांच्या तारखा लावायला सुरुवात केली. गैरहजेरीच्या कारणांत त्यांनी एक रकानाही वाढवला आहे. 2021 मध्ये छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात उतरला, तेव्हापासून 'वाटेत हत्ती' हे कारण खरं असू शकतं. अर्थात आमच्या गावाच्या वाटेवर रानटी हत्ती अजून आलेले नाहीत. तरी ज्या पोरानं ते कारण दिलं त्याच्या निबंधाला बाईंनी चांगले गुण दिले.

भाऊ मात्र निवड समितीवर अडून होते. "तिकडे पोरांले विचारते, आपनबी विचारू." सचिव म्हणाले, "इचारा. मेंढ्यात तं अख्खं गाव बसते." ते खरंच आहे. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाची ग्रामसभा सर्वसहमतीनं चालते. एकानं नाही म्हटलं तर निर्णय पुढच्या बैठकीवर जातो. त्याच रीतीनं त्यांनी 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 पासून गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा चालवली आहे. भामरागडच्या रानात हेमलकशाला आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 चा, त्याची शाळा 1976 ची. तिथं शिकलेली माडिया मुलं पुढं डॉक्टर झाली, वकील झाली. म्हणजे नव्या वाटा काढणारी माणसं या जिल्ह्यात कमी नाहीत. ज्येष्ठता यादीत तेवढी ती येत नाहीत.

पोरांना कागद वाटले: तुम्हाला मुख्याध्यापक कसा पाहिजे? भाषा तुमची, लिपी जमेल ती. उत्तरं जमा झाली. मुलींनी जवळजवळ एकमुखानं लिहिलं होतं की संडासाच्या दाराला आतून कडी पाहिजे. एकानं लिहिलं, छडी चालेल पण भाषण नको. एकीनं लिहिलं, आमची आजी आली तर तिला खुर्ची द्यावी. आणि बहुतेक सगळ्या कागदांवर, चार भाषांत, एक अट होती: तो रोज यायला पाहिजे.

भाऊंनी पुन्हा न्यू जर्सीची जाहिरात उघडून वरपासून खालपर्यंत पाहिली. रोज येण्याचं तिच्यात कुठंच नव्हतं. "त्याहीले ते लिहाची गरज वाटली नसन," ते म्हणाले आणि जरा शांत बसले. मग पुन्हा एकेक विशेषण वाचत गेले. सामावून घेणारा. सचिवांनी बाईंची पालकसभा सांगितली. नव्या वाटा काढणारा. मी मोहाचं वेळापत्रक सांगितलं. ऐकून घेणारा. शिपाई मध्येच म्हणाला की दाराची कडी बाईंनी परवाच स्वतःच्या पैशानं बसवून घेतली. यादी संपेपर्यंत आम्हाला कळून चुकलं की आमचा मुख्याध्यापक सापडलेला आहे. फक्त त्यांचं नकारपत्र फायलीत आहे आणि ते मीच लिहिलेलं आहे.

बाईंना बोलावलं. भाऊंनी हात जोडले. "बाई, तुमी सगळं तं करूनच रायल्या. कायम व्हाले काय जाते?"

बाई म्हणाल्या, "भाऊ, मी हे सगळं करू शकते, कारण मी मुख्याध्यापक नाही. पुढचा आदेश येईपर्यंतची आहे म्हणून अर्धी पत्रं मी पुढच्या आदेशावर ढकलते आणि वर्गावर जाते. कायमची झाले की टेकाडावर उभी राहीन. मग पोरांकडं कोण बघणार?"

याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. मुख्याध्यापकानं काय काय असावं याच्या याद्या न्यू जर्सीपासून आलापल्लीपर्यंत सगळे करतात. त्यानं दिवसभर काय करू नये, याची यादी कुणी करत नाही. माणूस गुणांची खाण म्हणून निवडायचा आणि मग त्याला निरंकाच्या कामाला लावायचं, अशी आपली रीत. चांगले शिक्षक नकारपत्र लिहितात ते भित्रे म्हणून नव्हे. त्यांना शिकवायचं असतं.

शेवटी बाईंनीच अटी घातल्या. रोज दोन तास मराठी त्या शिकवणार, त्यात कुणी हात घालायचा नाही. 'आजच' लागणारी माहिती दुपारी बाराच्या आत मागितली तरच आज मिळेल. आणि माहिती भरायला एक माणूस. लिपिकाचं मंजूर पद नाही, म्हणून भाऊंनी संस्थेच्या पैशानं एक पोरगी ठेवली. ती याच शाळेची, बी.एस्सी. झालेली, माडिया. टेकाडावर न चढता नेटवर्क कुठं येतं ते तिला ठाऊक आहे आणि ते ती कुणाला सांगत नाही. पालकसभेत बाईंना आता दुभाषी शोधावा लागत नाही; उलट पोरांचीच पंचाईत झाली आहे.

बाईंनी नकार मागं घेतल्याचं पत्र दिलं. ते मीच लिहिलं आणि प्रकृतीच्या जागी 'प्रकृतीत सुधारणा' असं केलं. प्रस्ताव वर गेला आणि त्रुटी लागून परत आला. त्रुटी अशी: 'नकारपत्र मागे घेण्याचा विहित नमुना जोडलेला नाही.' सचिवांनी पिवळं पुस्तक दोनदा चाळलं, तीन शाळांना फोन केले. असा नमुना कुठंच नाही, कारण तो आजवर कुणाला लागलाच नव्हता. मग आम्हीच एक तयार केला. बाईंनी त्याचं शुद्धलेखन तपासलं, पी.टी.च्या सरांनी रकाने आखले, आणि तो मंजुरीसाठी वर पाठवला आहे. भाऊंना वाटतं, मंजूर झाला तर महाराष्ट्रभर चालेल. सचिवांना खात्री आहे की तो मंजूर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी 'सदर नमुना किती जणांनी वापरला' याचा अहवाल मागवतील, तीन प्रतींत, आजच. येऊ द्या. त्या रकान्यात आमची शाळा 'एक' लिहिणार आहे, आणि अक्षर माझं असेल.